गव्याच्या धारेपाशी मी काय बोललो

“हो म्हणायचं असलं तर मान अशी,” इंदुआत्यानं हनुवटी छातीला टेकवून दाखवली, “आणि नाही म्हणायचं असलं तर अशी. बाकी सगळं मी बघते. तू तोंड उघडायचं नाहीस.”

आमची जीप आजऱ्याच्या पुढं जंगलातल्या रस्त्याला लागली होती. आत्या ड्रायव्हरशेजारी बसली होती, पण बसली होती ती पूर्ण मागं वळून. मागच्या बाकावर मी आणि आई. आईच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं आणि दह्याचा डबा.

“आणि त्यांनी नाव विचारलं तर?” आई म्हणाली.

“नाव कशाला विचारतील? पत्रिकेवर लिहिलंय की. आणि विचारलंच तर मी सांगते.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी हनुवटी छातीला टेकवली.

“अस्सं!” आत्या खूश झाली. “झ्याक जमतंय बघ तुला.”

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि तोतरं बोलत होतो. अजूनही बोलतो. क, ग, द आणि प. या चारांपैकी एखादं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं की गळ्यात काहीतरी आवळलं जायचं, ओठ थरथरायचे, डोळे आपोआप मिटायचे आणि समोरचा माणूस जमिनीकडं बघायला लागायचा. त्यात माझं नाव दिगंबर, आडनाव कुराडे आणि गाव गडहिंग्लज. नाव ठेवणाऱ्यांनी आणि गाव वसवणाऱ्यांनी माझा अजिबात विचार केला नव्हता. कोल्हापूरहून एसटीनं येताना मी कंडक्टरला सरळ ‘नेसरी’ म्हणायचो आणि गडहिंग्लजला उतरायचो. “अहो, नेसरी पुढं आहे!” म्हणून तो मागून ओरडायचा, मी हात हलवून चालू लागायचो. घरी मला कधी पाणी लागायचं नाही, मला ‘तहान’ लागायची.

नोकरी मात्र मनासारखी मिळाली होती. बांधकाम खात्यात आरेखक. टेबलावर वाकून रस्त्यांचे, मोऱ्यांचे, साकवांचे नकाशे काढायचे. शाई, पट्टी आणि ट्रेसिंगचा कागद यांना माझ्याकडून एकही शब्द नको असायचा.

लग्नाचं तसं नव्हतं. तीन ठिकाणी बघण्याचे कार्यक्रम झाले आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांनी सहज नाव विचारलं. मी ‘दि’वर अडकलो तो अडकलोच. आतल्या खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. पोह्यांच्या बशा घेऊन येणारी मुलगी दारातच थांबली आणि तशीच मागं फिरली. पोहे तिच्या आईनं आणून ठेवले. मी ते सगळे खाल्ले, कारण तोंड भरलेलं असलं की कुणी बोलायला सांगत नाही.

त्यानंतर महिन्याभरात इंदुआत्या तिच्या भजनी मंडळाबरोबर गव्याच्या धारेला जाऊन आली. आमच्याकडं धबधब्याला धार म्हणतात, आणि ही धार भर जंगलात आहे. परत आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच आईला म्हणाली, “वैनी, दिगूचं काम झालं समज. तिथं शेजारी उभं राहून ओरडलं तरी कुणाचं कुणाला कळत नाही. पुढचा कार्यक्रम धारेवर करायचा!”

चंदगडकडच्या नलवडे गुरुजींना तिनं निरोप धाडला, की घरात पोरं अवघडून बसतात, त्यापेक्षा दोन्ही घरं मिळून दिवसभराची सहल काढू. गुरुजींनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली होती आणि दर वर्षी पोरांची सहल नेली होती. त्यांना ही कल्पना इतकी आवडली, की मुलगा कसा आहे हे विचारायच्या आधीच त्यांनी तारीख ठरवली. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. “मुलगा बोलायला जरा कमी आहे,” एवढं आत्यानं सांगितलं होतं. त्यावर गुरुजी म्हणाले होते, “उत्तम! माझ्या घरात मी एकटाच पुरेसा आहे.”

मला हे पटलं होतं का? तीन नकार पचवल्यावर माणसाला बरंच काही पटतं.

जीप थांबली तिथं नलवडे मंडळी आधीच येऊन उभी होती. गुरुजी पांढऱ्या टोपीत, गळ्यात सहलीची शिट्टी. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आईला बघताच हसून पुढं आल्या. आणि त्यांची मुलगी शैलजा. गावच्या दूध संस्थेत ती दुधाची तपासणी करायची, हे मला पत्रिकेबरोबर आलेल्या चिठ्ठीवरून माहीत होतं. निळी साडी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात काठी. बघण्याच्या कार्यक्रमाला बूट घालून आलेली मुलगी मी पहिल्यांदाच बघत होतो.

“चला, एका रांगेत!” गुरुजींनी शिट्टी फुंकली आणि आम्ही सहा जण जंगलात शिरलो.

परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वीच धो धो कोसळून गेला होता. पायवाट मऊ झाली होती, झाडांच्या बुंध्यांवर हिरवं शेवाळ चढलं होतं आणि कडेला सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून होती. गुरुजी माझ्या मागं होते आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले होते.

“काय दिगंबरराव, सध्या कुठलं काम चाललंय ऑफिसात?”

“रस्ते, पूल, सगळंच की!” आत्या पुढून म्हणाली.

“चालायची सवय चांगली दिसते.”

“रोज चालतोय तो. पहाटे.”

“वाचनबिचन?”

“लई वाचतो.”

“दिगंबरराव, तुमच्या पोटरीला जळू लागलीय.”

“असू दे,” आत्या म्हणाली, “त्याला काही होत नाही.”

सगळ्यांत पुढं चाललेली शैलजा थांबली. मागं वळून तिनं आधी आत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

“चोळा. सुटेल ती.”

मी हनुवटी छातीला टेकवली. ती क्षणभर तशीच बघत राहिली, जणू आणखी काही येईल म्हणून वाट बघत होती. मग परत पुढं निघाली. मला भलतीच लाज वाटली, आणि ती जळवेची नव्हती.

धार दिसायच्या आधी ऐकू येते. पहिल्यांदा वाटतं झाडांत वारा शिरलाय. मग वाटतं लांब कुठंतरी मालगाडी चाललीय. मग वाट एका कातळाला वळसा घालते आणि समोर ती असते. दीडशे फुटांचा काळा कडा, आणि त्यावरून सबंध ओढाच्या ओढा खाली कोसळतोय. मधल्या एका खडकावर पाणी आपटून फुटतं, त्याचे तुषार उलटे वर चढतात, आणि उन्हाची तिरीप पडली की त्यांत इंद्रधनुष्य उमटतं, विरतं, पुन्हा उमटतं. आई हात जोडून उभी राहिली. काकूंनी डोळेच मिटून घेतले. गुरुजींनी शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली. त्यांचे गाल फुगलेले दिसले, आवाज काही आला नाही. ते स्वतःच हसायला लागले. तेही दिसलं फक्त.

आत्यानं लांबून मला डोळा मारला.

मी पाण्याच्या कडेला एका सपाट दगडावर जाऊन उभा राहिलो. गुरुजी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून, धारेकडं बोट दाखवून काहीतरी ओरडले. मी काय विचार केला माहीत नाही. केला असता तर गप्पच बसलो असतो. मी ओरडून म्हणालो, “केवढं पाणी आहे!”

आणि मी जागच्या जागी थिजलो.

‘केवढं’ क नं सुरू होतं. मी ते एका दमात म्हटलं होतं. ‘पाणी’सुद्धा! मला माझा आवाज ऐकू आला नव्हता, पण गळा मोकळा होता, ओठ सरळ हलले होते. गुरुजी मान डोलवून काकूंकडं गेले. मी तोंड धारेकडं केलं आणि म्हणालो, “दिगंबर.” आलं. “दिगंबर कुराडे.” आलं. “गडहिंग्लज! गडहिंग्लज! गडहिंग्लज!”

सत्तावीस वर्षांत माझं गाव मी पहिल्यांदा सलग तीनदा उच्चारलं होतं. मला नाचावंसं वाटत होतं. बहुधा मी थोडासा नाचलोही, कारण पाय निसरला आणि कुणीतरी मागून माझा दंड घट्ट धरला. ती शैलजा होती. तिच्या केसांवर तुषारांचे बारीक थेंब बसले होते आणि ती हसत होती.

आम्ही त्याच दगडावर बसलो, दोन हात अंतर ठेवून. आणि मी बोलायला सुरुवात केली.

काय काय बोललो! वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, हे सांगितलं. मला झणझणीत आवडतं पण आईला सोसत नाही, म्हणून मी ठेचा वेगळा वाटून घेतो, हे सांगितलं. क आला, ग आला, द आला, सगळे आले आणि सुरळीत गेले. आणि मग मी तिला साकवाचं सांगितलं, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडं एका ओढ्यावरच्या लहानशा पुलाचा नकाशा आला होता. दोन वाड्यांच्या मधला ओढा. साकव बांधून झाला. पण त्यावर ना माझं नाव, ना कुणाला माहीत की याचा नकाशा कुणी काढला. मात्र मी अधूनमधून रविवारी सायकलनं तिथं जातो आणि कठड्याला टेकून उभा राहतो. पोरं पळत जातात, बायका भारे घेऊन जातात, एक म्हातारा दर वेळी मधोमध थांबून विडी पेटवतो. मला ते बघायला आवडतं.

शैलजा ऐकत होती. मधूनच मान हलवायची, मधूनच हसायची. एकदा तर तिनं हनुवटीवर हात ठेवून असं बघितलं, की मला वाटलं, आता हिला माझं सगळंच कळलं.

अर्धा तास तरी झाला असेल. आई आणि काकू वरच्या बाजूला झाडाखाली जेवणाचं मांडायला लागल्या होत्या. शैलजा काकूंना मदत करायला उठली, तेवढ्यात आत्या धावतच माझ्याकडं आली आणि तोंड माझ्या कानाला लावून ओरडली, “जमलं रे! गुरुजींनी आईला होकार दिल्यासारखंच केलंय. आता जीपमध्ये बसेपर्यंत दातखीळ बसल्यागत राहा. तुषारानं घसा बसलाय म्हणून सांगते मी!”

मी हनुवटी छातीला टेकवली. सवयच लागली होती. आत्या नाचत गेली.

आणि मला एकदम आमचं गडहिंग्लजचं स्वयंपाकघर दिसलं. सकाळची वेळ, स्टोव्ह बंद, सगळं शांत. ही मुलगी मला काहीतरी साधंच विचारतेय, चहा ठेवू का, असलं. आणि मी डोळे मिटून, ओठ थरथरवत तिच्यासमोर उभा आहे. तिथं धार नव्हती.

मी शैलजाजवळ गेलो. हातानं खूण केली, की जरा खाली येता का? तिनं काकूंकडं बघितलं, काकूंनी मान हलवली. आम्ही ओढ्याच्या काठाकाठानं उतरत गेलो. एक वळण झालं, दुसरं झालं. मोठ्या कातळाच्या आड गेल्यावर धारेचा आवाज एकाएकी मागं पडला. पाखरं ऐकू यायला लागली. मी थांबलो.

“मला एक सांगायचंय,” मी म्हणालो. एवढं सरळ आलं. “माझं नाव दि... दि...”

ती उभी राहिली. माझं नाव तिला ठाऊक होतं. ते तिनं म्हणून टाकलं असतं तर मी सुटलो असतो. लोक तसंच करतात, शब्द पुरा करून टाकतात आणि आपण उपकार केला असं त्यांना वाटतं. तिनं तसं केलं नाही. समोरच्या झाडावरून एक शेकरू अर्ध्यापर्यंत उतरलं, थांबलं, आमच्याकडं बघितलं आणि परत वर गेलं. तरी मी ‘दि’वरच होतो.

“...दिगंबर,” मी म्हणालो. घामानं पाठ भिजली होती. “मी असा बोलतो. लहानपणापासून. तिथं प... पाण्याच्या आवाजात नीट आलं, त्याचं मलाच नवल वाटतंय. आत्यानं तुम्हाला मुद्दाम इथं आणलं. क... कळू नये म्हणून. मीही हो म्हणालो होतो. तेवढं सांगायचं होतं.”

वाकून तिनं बुटाला चिकटलेला चिखल काठीनं खरवडला. एक बूट झाला, दुसरा झाला. मला वाटलं, संपलं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तिथं धारेपाशी तुम्ही काय बोलत होता?”

“म्हणजे?”

“मला एक अक्षर ऐकू आलं नाही.”

“अहो, तुम्ही मान हलवत होता!”

“मग काय करणार? तुम्ही इतक्या आनंदानं बोलत होता. मधेच थांबवायचं जिवावर आलं.” तिला आता हसू आवरेना. “खरं सांगू का? वाटेत सगळी उत्तरं आत्याच देत होत्या, तेव्हा मला वाटलं तुम्ही मुकेच आहात. जळू लागली तरी माणूस बोलत नाही म्हणजे काय! म्हटलं, हे लोक आपल्याला मुका मुलगा खपवतायत. धारेपाशी तुमचं तोंड हलताना बघितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.”

मीही हसायला लागलो. हसताना मी कधीच अडखळत नाही.

“बसा,” ती म्हणाली आणि स्वतः कातळाला टेकून बसली. “आता सांगा. पहिल्यापासून.”

“वेळ लागेल.”

“दूध तपासायला बसले की दोनशे माणसांची रांग असते माझ्यापुढं. मला वेळाचं काही वाटत नाही.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली. वडिलांचं सांगितलं. ठेच्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मिरच्या भाजून घेता की कच्च्याच?” आणि मी ‘कच्च्याच’ म्हणेपर्यंत शांतपणे माझ्या तोंडाकडं बघत राहिली. जमिनीकडं नाही. आमचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. तेव्हा उखाण्यातल्या ‘ग’वर मी इतका वेळ अडकलो, की वाजंत्रीवाल्यांना वाटलं झालं आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि सबंध मांडव गप्प उभा राहिला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी कातळाआड नुकताच साकवापर्यंत आलो होतो, तेवढ्यात वरून आत्या आणि गुरुजी आम्हाला शोधत उतरले.

मी नेमका ‘पूल’ शब्दावर अडकलो होतो. डोळे मिटलेले, ओठ थरथरतायत. डोळे उघडले तेव्हा आत्या कपाळावर हात मारून उभी होती आणि गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली.

“इंदूताई,” ते सावकाश म्हणाले, “बोलायला कमी आहे म्हणाला होता ना तुम्ही?”

“मग खोटं काय सांगितलं?” आत्या म्हणाली. “मिनिटाला कमीच शब्द येतात की!”

गुरुजींना हसायचं नव्हतं. ते त्यांनी बराच वेळ दाबून धरलेलं दिसत होतं. मग टोपीखालून ते फुटलंच आणि त्यांनी कातळाचा आधार घेतला. हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले आणि मुलीकडं वळले.

“शैला, बाळ, तुला हे—”

“अण्णा, बसा जरा,” शैलजा म्हणाली. तिची नजर माझ्यावरून हलली नव्हती. “आत्या, तुम्हीपण बसा. साकवाचं अजून राहिलंय.”

गुरुजी दगडावर बसले. आत्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शैलजाकडं बघितलं, आणि तीही पदर सावरून त्यांच्या शेजारी टेकली. मी श्वास घेतला आणि ओढ्याच्या अलीकडच्या वाडीपासून पुन्हा सुरुवात केली.

वरून आई हाका मारत होती, दह्याच्या डब्याला मुंग्या लागल्यात म्हणून. कुणी उठलं नाही.